रिस्पेरिडोन सुरू करू का? ऑटिझम असलेली मुलं आणि मानसोपचाराची औषधं

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मुलगा सात वर्षांचा, तिसऱ्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, शब्द मोजकेच, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं शिकवणारी) आणि स्पीच थेरपी चालू आहे. गेल्या चार-पाच महिन्यांपासून स्वतःचं मनगट चावतो, तुम्हाला मारतो, रात्री एक-दीडला झोपतो आणि पाचला उठून बसतो. मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन हे मानसोपचाराचं औषध अर्धा मिलिग्रॅम लिहून दिलंय पण गोळ्यांची पट्टी तशीच फ्रीजवर पडून आहे कारण सासूबाई म्हणतात वेड्यांची औषधं लेकराला द्यायची नाहीत, थेरपिस्ट मॅडम म्हणतात मूल गुंगीत राहील मग थेरपी कशी घेणार, आणि पालकांच्या ग्रुपवर निम्मे म्हणतात सुरू करा, निम्मे म्हणतात एकदा सुरू केलं की आयुष्यभर सुटत नाही.

मी बालमानसोपचारतज्ज्ञ आहे, माझ्या ओपीडीत हा प्रश्न रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा मुलगा मी तपासलेला नाही, त्यामुळे गोळी द्या किंवा देऊ नका असं इथून सांगणार नाही. पण निर्णय कसा घ्यायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं ते नक्की सांगता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्वच्छ करून घेऊ. ऑटिझमवर औषध नाही. रिस्पेरिडोनने बोलणं येत नाही, नजरेला नजर मिळत नाही, इतर मुलांशी खेळायला लागत नाही, आणि ज्या डॉक्टरांनी लिहून दिलंय त्यांनाही हे माहीत असतं, फक्त ओपीडीच्या गर्दीत ते नीट सांगायचं राहून जातं आणि आईबाप समजतात की हे ऑटिझमचं औषध. मग तीन महिन्यांनी 'काहीच फरक नाही, अजून बोलत नाही' म्हणून बंद करतात, जेव्हा की ज्या चावण्यासाठी दिलं होतं ते चावणं निम्म्यावर आलेलं असतं. मूळ ऑटिझमवर चालेल अशी आशा बऱ्याच गोष्टींवर ठेवून झाली. १९९८ च्या सुमारास सिक्रेटिन नावाच्या हॉर्मोनची अमेरिकेत केवढी हवा झाली होती, पुढच्याच वर्षी नीट चाचणी केली तर खोट्या (औषध नसलेल्या) इंजेक्शनइतकाच परिणाम. नाकात मारायचा ऑक्सिटोसिनचा स्प्रे २०२१ मध्ये २९० मुलांवर तपासला, तोही फुसका निघाला. पुन्हा पुन्हा एकच कृती करणं कमी व्हावं म्हणून सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचं औषध दिलं, २००९ ची १४९ मुलांची चाचणी, फायदा शून्य आणि मुलं उलट जास्त चंचल झाली.

मग औषध कशासाठी? ऑटिझमच्या जोडीने जे येतं त्यासाठी. म्हणजे स्वतःला इजा करणं, मारणं, तासभर न थांबणारी चिडचिड, झोप न लागणं, टोकाची चंचलता, चिंता, फिट्स. यातली नेमकी कुठली गोष्ट कमी करायची आहे हे गोळी सुरू करण्याआधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'मनगट चावणं दिवसात आठ-दहा वेळा होतं ते दोन-तीनवर यावं' हे चालेल. 'मूल नीट व्हावं' हे चालणार नाही, कारण ते मोजता येत नाही आणि जे मोजता येत नाही त्यासाठी डोस वाढत वाढत जातो.

आता तुमच्या लिहिण्यातला मला खटकलेला भाग. मुलगा सात वर्षांचा आहे, ऑटिझम जन्मापासूनचा, मग हे चावणं आणि मारणं आत्ता चार-पाच महिन्यांपूर्वीच का सुरू झालं? काहीतरी बदललंय. ते काय हे शोधल्याशिवाय मी तरी शक्यतो गोळी सुरू करत नाही, अगदी जीवावर बेतणारी इजा असेल तर गोष्ट वेगळी.

पहिलं बघायचं ते दुखणं. ज्याला 'दाढ दुखते' म्हणता येत नाही ते मूल जबड्यावर बुक्क्या मारतं, ज्याला पोट दुखतंय सांगता येत नाही ते टेबलाच्या कडेवर पोट दाबून ओरडतं. ऑटिझमच्या मुलांचं खाणं तुम्हाला माहीतच आहे, बिस्किट, दूध, पांढरा भात, एका ठराविक कंपनीचे वेफर्स, भाजीचा रंग दिसला की ताट ढकललं. त्यात बद्धकोष्ठता ठरलेली आणि दातांची वाट लागलेली, ब्रश तोंडात घेऊ देत नाही ते वेगळंच. त्यामुळे आधी डेंटिस्ट, मग पोट, मग कान. शी रोज होते का एवढंच विचारून भागत नाही, कशी होते ते बघा, चार दिवसांनी एकदा मोठी आणि कडक आणि मधे चड्डीला थोडी थोडी लागलेली असेल तर ते जुलाब नसतात, आत गच्च साठलंय त्याच्या बाजूने पातळ झिरपतंय. महिनाभर पोट साफ करायची पावडर नीट दिली आणि मारणं थांबलं अशी मुलं प्रत्येक बालमानसोपचारतज्ज्ञाने पाहिलेली असतात. मुली असतील आणि वय दहा-बाराच्या पुढे असेल तर पाळीच्या तारखांशी जुळवून बघा.

दुसरं, आधीपासून चालू असलेली औषधं. हे फार वेळा सुटतं. मुलाला फिट येते म्हणून लेव्हेटिरासिटॅम सुरू होतं, चांगलं औषध आहे, फिट थांबते, पण काही मुलं त्याच्यावर प्रचंड चिडकी होतात. मग न्यूरोच्या डॉक्टरांकडे पुढची तारीख दोन महिन्यांनी म्हणून आईबाप चिडचिडीसाठी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तिथे रिस्पेरिडोन मिळतं, त्याने हात थरथरतात म्हणून तिसरी गोळी. तुम्ही फिट्सबद्दल काही लिहिलेलं नाही, पण असं काही चालू असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. फिटची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही हं. तसंच फिट कधी आलीच नसली तरी मूल मधेच काही सेकंद हरवल्यासारखं बघत राहतं, हाक मारली, हलवलं तरी येत नाही, असं असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा आणि ईईजीबद्दल (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) विचारा. ऑटिझममध्ये एपिलेप्सीचं, म्हणजे फिट्सच्या आजाराचं, प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त आहे.

तिसरं, घर आणि शाळा. शाळा बदलली का, वर्गशिक्षिका बदलल्या का, वर्गात सोबत बसणारी शॅडो टीचर सोडून गेली का, घरात पाळणा हलला का, शेजारी बांधकाम सुरू झालं का, बाबांची बदली झाली का. आपल्याला साधं वाटतं, त्याला नाही.

हे सगळं शोधायला एक वही करा. फार शास्त्रीय काही नको, प्रत्येक वेळी तीनच गोष्टी: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि नंतर आपण काय केलं. उदाहरणार्थ, 'मंगळवार, संध्याकाळी पावणेसात. आजोबांनी बातम्या लावल्या, मोबाईल काढून घेतला. मनगट चावलं, साधारण दहा मिनिटं. मोबाईल परत दिल्यावर शांत.' अशा दोन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. वरच्या नोंदीसारख्याच बाकीच्या असतील तर त्या मुलाला कळलंय की चावलं की मोबाईल मिळतो, आणि कुठलीही गोळी हे शिकलेलं पुसू शकत नाही. तिथे त्याला मोबाईल मागायचं दुसरं साधन द्यावं लागतं, चित्राचं कार्ड, खूण, टॅबवरचं ॲप, काहीही, आणि चावल्यावर मोबाईल द्यायचा नाही हे घरातल्या सगळ्यांनी पाळावं लागतं, आजोबांसकट. पण नोंदीत जर असं दिसलं की रात्री दोनला, कोणी काही मागितलं नाही, काही काढून घेतलं नाही, तरी एकटा उठून डोकं आपटतोय, तर ते वेगळं प्रकरण आहे, तिथे आधी दुखणं, फिट आणि झोप बघायची आणि मग औषधाचा विचार लवकर करायचा.

आता झोपेकडे येते, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत मला वाटतं इथून सुरुवात करण्यासारखी आहे. साडेतीन तास झोपलेलं सात वर्षांचं मूल दिवसभर चिडणार नाही तर काय करणार, आणि साडेतीन तास झोपलेली आईसुद्धा. शाळेतून आल्यावर चार ते सात झोपतो का ते बघा, ती झोप आधी मोडा. झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद, रोज त्याच क्रमाने तीच कामं, रडारड होईल पहिले आठ-दहा दिवस. रक्तात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या, लोह कमी असलं की पाय हलवत राहतात आणि झोप मोडते, आणि बिस्किट-दुधावरच्या मुलांमध्ये लोह कमी असणं अगदी नेहमीचं. त्यानंतर मेलॅटोनिन, झोपेचं हॉर्मोन. ऑटिझममधल्या झोपेसाठी ज्याच्यामागे बरा पुरावा आहे असं हे औषध, साधारण १ ते ३ मिलिग्रॅमपासून, झोपायच्या अर्धा-एक तास आधी, आणि वर सांगितलेल्या सवयींच्या जोडीनेच. डॉक्टरांना विचारून घ्या, आणि ऑनलाइन मिळणाऱ्या मेलॅटोनिनच्या गोड गमी (चघळायच्या गोळ्या) शक्यतो नको, अमेरिकेत २०२३ मध्ये अशी २५ उत्पादनं तपासली तर २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं प्रमाण जुळत नव्हतं. सर्दी-खोकल्याचं गुंगीचं सिरप झोपेसाठी रोज देणारे पालक पण भेटतात. ते नको. काही मुलं त्यावर झोपायच्या ऐवजी उलट पिसाळतात, आणि ज्यांना झोप लागते त्यांनाही थोड्या दिवसांत सवय होऊन डोस पुरेनासा होतो.

बरं, दुखणं बघितलं, झोप सुधारली, वही ठेवली, थेरपीतून संवादाचं साधन दिलं आणि तरीही मनगटाला जखमा होतायत, किंवा धाकट्या भावंडाला धोका आहे, किंवा मारण्यामुळे थेरपीच होत नाहीये. मग रिस्पेरिडोन द्यायचं का? हो, अशा वेळी मी देते, आणि न घाबरता देते. कारण या एका कामासाठी त्याचा पुरावा पक्का आहे. २००२ मध्ये अमेरिकेत १०१ मुलांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली, वय ५ ते १७, सगळी तीव्र चिडचिड, मारणं किंवा स्वतःला इजा करणारी. खऱ्या औषधावर ६९ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा, खोट्या गोळीवर १२ टक्के. मानसोपचारात एवढा फरक फार कमी ठिकाणी दिसतो. त्यावरून २००६ मध्ये औषधांना मान्यता देणाऱ्या तिकडच्या एफडीए या संस्थेने ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी त्याला मान्यता दिली, आणि २००९ मध्ये त्याच गटातल्या ॲरिपिप्राझोलला. मान्यता चिडचिडीसाठी, ऑटिझमसाठी नाही, हे परत एकदा.

पण त्याच चाचणीत हेही दिसलं की आठ आठवड्यांत औषधवाल्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, बाकीच्यांचं ०.८ किलो. सात वर्षांच्या बावीस किलोच्या मुलाला दोन महिन्यांत पावणेतीन किलो म्हणजे काय ते तुम्हीच विचार करा. भूक अशी लागते की मूल जेवून उठलं की परत डबे उघडत फिरतं. त्यामुळे माझ्याकडे गोळीच्या चिठ्ठीसोबतच खाण्याची चर्चा होते, पहिल्याच दिवशी, वजन वाढल्यावर नाही. बिस्किटाचे पुडे, फरसाण घरात आणूच नका, दिसलं नाही तर मागणार नाही. वजन, उंची, कंबर, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) सुरुवातीला करून ठेवायचे, मग साधारण तीन महिन्यांनी, मग ठराविक काळाने. कोणी सांगितलं नसेल तर तुम्ही मागून घ्या. वजन फारच धावायला लागलं तर औषध बदलता येतं, ॲरिपिप्राझोलने तुलनेने कमी वाढतं पण अगदी वाढतच नाही असं नाही, आणि त्याच्यावर काही मुलं सुरुवातीला एका जागी बसेनाशी होतात. काही जणांना मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची जोड द्यावी लागते.

डोसबद्दल. वीस किलोच्या आत वजन असेल तर सुरुवात पाव मिलिग्रॅमने, वीसच्या वर अर्ध्याने, हे ठरलेलं आहे, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेला अर्धा मुलाच्या वजनाशी जुळतो का ते एकदा विचारून घ्या. पाव मिलिग्रॅमसाठी गोळीचे तुकडे करत बसू नका, एक मिलीमध्ये एक मिलिग्रॅम असं द्रव औषध मिळतं, ड्रॉपरने मोजून देता येतं आणि ज्याला गोळी गिळता येत नाही त्याला सोपंही पडतं. रात्री देतात बहुतेक वेळा, कारण पहिले दोन-तीन आठवडे झोप येते. थेरपिस्ट मॅडम ज्या गुंगीबद्दल म्हणतायत ती हीच, आणि त्यांचं पूर्ण चूक नाही, पण बहुतेक मुलांमध्ये ती ओसरते. महिन्यानंतरही मूल दिवसा पेंगत असेल, लाळ गळत असेल, चेहरा ओढल्यासारखा दिसत असेल तर डोस जास्त झालाय, सरळ डॉक्टरांकडे जा. माझ्या मते गप्प केलेलं मूल म्हणजे बरं झालेलं मूल नव्हे, आणि शांत झालाय ना मग कशाला बदलायचं असं कोणी म्हणालं, मग ते नातेवाईक असोत की डॉक्टर, तर ऐकू नका.

एक साइड इफेक्ट माहीत असायलाच हवा कारण तो रात्री-बेरात्री होतो आणि घरचे हादरतात. अचानक मान एका बाजूला वळून कडक होते, डोळे वर जातात, जीभ जड होते, पाठ धनुष्यासारखी ताणली जाते. मूल शुद्धीत असतं आणि घाबरलेलं असतं. लोकांना वाटतं फिट आली, काहींना वाटतं बाहेरचं काहीतरी, लिंबू-नारळ सुरू होतात. ही औषधाची रिॲक्शन असते, डिस्टोनिया म्हणतात, सुरुवातीच्या दिवसांत किंवा डोस वाढवल्यावर होते. जवळच्या दवाखान्यात जा, 'रिस्पेरिडोन चालू आहे' हे पहिलं वाक्य सांगा, इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात सुटते. पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, घरातल्या सगळ्यांच्या. याशिवाय ताप भरपूर, अंग कडक, घाम, मूल गोंधळलेलं असं सगळं एकत्र आलं तर एक मिनिट न थांबता मोठं हॉस्पिटल. हे फार क्वचित होतं पण होतं. आणि प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन वाढून मुलग्यांनाही छाती येऊ शकते, वयात येणारी मुलं लाजून सांगत नाहीत, आंघोळ घालताना लक्ष ठेवा.

आता 'एकदा सुरू केलं की सुटत नाही' याबद्दल. सवय लागते, व्यसन लागतं असं काही नाही. पण फार लवकर काढलं तर त्रास परत येतो हे खरं. २००५ च्या एका अभ्यासात सहा महिने औषधावर बरी असलेली मुलं घेतली आणि निम्म्यांची गोळी न सांगता हळूहळू खोट्या गोळीने बदलली, त्यातल्या ६२.५ टक्क्यांचा त्रास परत आला, औषध चालू राहिलेल्यांमध्ये १२.५ टक्के. उलट बाजूने बघा, गोळी काढूनही तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मुलं ठीक राहिली, म्हणजे त्यांना ती आणखी द्यायची गरजच नव्हती. म्हणून सहा महिने ते वर्षभरात एकदा हळूहळू कमी करून बघायचं असतं, आणि ते परीक्षेच्या तोंडावर, लग्नघरात किंवा गणपतीत ढोल-ताशा चालू असताना करायचं नसतं. काहीच फायदा दिसत नसेल तर मात्र एवढं थांबायचंही कारण नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की तीन-चार आठवड्यांनी आढावा घ्या आणि सहा आठवड्यांत उपयोग दिसला नाही तर बंद करा. आपल्याकडे नेमकं उलट होतं, उपयोग नाही म्हणून डोस वाढतो, मग दुसरं औषध जोडलं जातं, आणि पहिलं काढायचं कोणाच्या लक्षातच राहत नाही. पाच-पाच औषधांवरची नऊ-दहा वर्षांची मुलं माझ्याकडे येतात, कुठलं कशासाठी ते आईला माहीत नसतं आणि चिठ्ठीवरही लिहिलेलं नसतं.

थेरपिस्ट मॅडमना हे जरूर सांगा की औषध विरुद्ध थेरपी असं भांडण नाहीये. २००९ मध्ये १२४ मुलांवर चोवीस आठवड्यांचा अभ्यास झाला, एका गटाला फक्त औषध, दुसऱ्याला औषध आणि जोडीला आईवडिलांना वागणुकीचं प्रशिक्षण. दुसऱ्या गटात त्रास जास्त कमी झाला आणि तोही कमी डोसवर. मला हा सगळ्यात कामाचा अभ्यास वाटतो. गोळीने एक फट उघडते, मूल दहा मिनिटं बसतं, त्या दहा मिनिटांत कार्ड देऊन मागायला शिकवायचं. नुसती गोळी दिली आणि काहीच शिकवलं नाही तर गोळी काढली की सगळं जिथल्या तिथे.

चंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट द्यायचं का हा प्रश्न तुम्हाला पुढेमागे पडेल म्हणून थोडक्यात: ऑटिझमच्या मुलांमध्ये चालतं पण नुसत्या एडीएचडीवाल्यांइतकं (चंचलता आणि लक्ष न लागण्याची समस्या असलेल्यांइतकं) नाही, ७२ मुलांच्या चाचणीत निम्म्यांना उपयोग झाला आणि १८ टक्क्यांना साइड इफेक्टमुळे सोडावं लागलं, चिडचिड वाढली म्हणून मुख्यतः. अंमली पदार्थांच्या कायद्यात येत असल्याने ते ठराविक दुकानांतच मिळतं. ते नाही जमलं तर ॲटोमॉक्सेटिन, क्लोनिडिन असे पर्याय आहेत. चिंतेसाठी फ्लुओक्सेटिनसारखी औषधं मोठ्या आणि बोलू शकणाऱ्या मुलांमध्ये कधी कधी कामाला येतात, अगदी लहान डोसने सुरू करावी लागतात नाहीतर मूल उड्या मारायला लागतं. आणि एक अजून, किशोरवयातला ऑटिस्टिक मुलगा अचानक मंदावला, दारातच थबकून उभा राहतो, घास तोंडात तसाच धरून ठेवतो, तर त्याला आळस किंवा हट्ट समजू नका, तो कॅटाटोनिया असू शकतो, त्याचा उपचार वेगळा आहे आणि रिस्पेरिडोनसारख्या औषधाने तो बिघडू शकतो.

ग्रुपवरचे बाकीचे सल्ले. स्टेम सेल, नाही. लाखो रुपये घेतात, २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डानेही ऑटिझमसाठी ते करू नये असं स्पष्ट सांगितलंय. शरीरातून जड धातू काढायचं कीलेशन, अजिबात नाही, अमेरिकेत २००५ मध्ये पाच वर्षांचा मुलगा त्याने दगावला. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने ल्युकोव्होरिन या फोलेटच्या (एका ब जीवनसत्त्वाच्या) औषधाबद्दल पत्रकार परिषद घेतल्यापासून सगळे तेच विचारतात. फोलेट मेंदूपर्यंत पोचत नाही अशा काही मुलांसाठी ते आहे, सरसकट ऑटिझमसाठी पुरावा तुटपुंजा आहे, स्वतःहून मेडिकलमधून आणून सुरू करू नका. गव्हाचं आणि दुधाचं बंद करायचा डाएट, यात दूध तोडल्यावर मूल खाणार काय हा माझा पहिला प्रश्न असतो. आयुर्वेदिक म्हणून कोणी भस्म घातलेली पुडी दिली तर आत काय आहे विचारा, शिसं निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि शिसं हे वाढत्या मेंदूचं विष आहे.

शाळेबद्दल तुम्ही लिहिलं नाही पण बऱ्याच जणांना शाळा सांगते की औषध सुरू केलं तरच बसवू. शाळेला हे ठरवायचा अधिकार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता मुलाला घ्यावं लागतं. शाळेने काय दिसतं ते लिहून द्यावं, तेवढं उपयोगाचं, वहीत चिकटवा.

सासूबाईंना माझ्या मते वाद घालून पटणार नाही. पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर चार गोष्टी विचारा: हे नेमकं कशासाठी, फरक कधी दिसला पाहिजे, नाही दिसला तर काय करायचं, आणि कमी करायला कधी सुरुवात करायची. डॉक्टर नीट उत्तरं देत असतील तर सासूबाईंना जेवढं तिथे कळेल तेवढं घरी कितीही सांगून कळणार नाही. डॉक्टर चिडले तर दुसरे बघा. वहीतल्या नोंदी आणि दोन-तीन व्हिडिओ न्या, एक चांगल्या वेळेचाही न्या.

खर्चाचं म्हणाल तर रिस्पेरिडोन जुनं औषध आहे, जेनेरिक स्वस्त पडतं, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात किंवा जनऔषधी दुकानात विचारा. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढा, आणि नॅशनल ट्रस्टच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत नाव घाला, वर्षाला एक लाखापर्यंतचं कव्हर आहे आणि त्यात ओपीडीची औषधं आणि थेरपीचाही काही भाग येतो, बिलं जपून ठेवा. गोळ्या सुरू झाल्याच तर संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणून ठेवत जा, विशेषतः दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत गावी जाताना, कारण तालुक्याच्या मेडिकलमध्ये हे औषध असेलच असं नाही आणि मधेच चार दिवस तुटलं की गावी भरल्या घरात पुन्हा तेच सुरू होतं.